आधी सांधा, मग खवले

प्रश्न थोडक्यात असा आहे. विचारणारा ॲनिमेशनच्या शेवटच्या वर्षाला आहे. दोन मिनिटांच्या फिल्मसाठी तो एक फँटसी जग रचतोय, त्यात एक ड्रॅगन आणि एक महाकाय रोबो आहे. "ड्रॅगन पंख चिकटवलेल्या घोरपडीसारखा दिसतो, रोबो गोदरेजच्या कपाटासारखा, आणि दोघं एका फ्रेममध्ये आले की दोन वेगळ्या फिल्ममधून कापून आणल्यासारखे वाटतात. जपानी ॲनिमेत हे कसं जमतं? अजून डिटेलिंग घालू का?"

घालू नका. आहे तेच निम्म्यावर आणा. तुमच्या स्केचमध्ये ड्रॅगनचा एकेक खवला रेखलाय, रोबोच्या छातीवरचे नटबोल्ट मोजून घ्यावेत इतके स्पष्ट आहेत. पण ड्रॅगनचा पंख पाठीवर नेमका कुठून फुटतो आणि रोबोची मांडी कमरेत कशी फिरते, हे दोन्हीकडे रेघांच्या गर्दीत हरवलंय. खरं सांगायचं तर ते तुमचं अजून ठरलेलंच नाही. प्राण्यांची आणि यंत्रांची मॉडेल शीट्स, म्हणजे सगळ्या ॲनिमेटरनी ज्यावरून काढायचं ती नमुना-चित्रं, काढणं हेच माझं गेली एकोणीस वर्षं काम आहे. तुमची चूक मी दुसऱ्याच्या पैशांनी करून बसलोय, म्हणून जरा लांबण लावतो.

सुरुवातीच्या वर्षांत एका जाहिरातीसाठी मी ड्रॅगन काढला होता. पोटावर बासष्ट आडव्या पट्ट्या, पाठीवर काट्यांची दुहेरी रांग, दर काट्याला सावलीची वेगळी रेघ. डायरेक्टर खूश, क्लायंट खूश, मी तर हवेतच. तिसऱ्या आठवड्यात इनबिटविन करणाऱ्या, म्हणजे मुख्य चित्रांच्या मधली चित्रं काढणाऱ्या मुलीचा फोन आला. "सर, तो वळतो तेव्हा किती पट्ट्या दिसायला हव्यात? मी मोजतेय, पण दर चित्रात वेगळ्याच येतायत." जाऊन बघितलं तर ड्रॅगनचं पोट उकळत्या आमटीसारखं खदखदत होतं. प्रत्येक चित्र सुटं पाहिलं तर देखणं, एकापाठोपाठ चालवलं की रेघा नाचायला लागायच्या. शेवटी बासष्टच्या अकरा पट्ट्या केल्या. प्रेक्षकांपैकी कुणालाही फरक कळला नाही. त्या मुलीला मात्र कळला, तिने त्यानंतर दोन दिवस माझ्याशी नीट बोलणं टाळलं.

ॲनिमेचं सगळं डिझाइन या हिशेबावर उभं आहे. पडद्यावर सेकंदाला २४ फ्रेम जातात. जपानी टीव्ही मालिकांत बहुतेक हालचाल 'तिनावर' असते, म्हणजे एक चित्र तीन फ्रेम टिकतं आणि सेकंदाला आठ चित्रं पुरतात. चार सेकंदांचा शॉट म्हणजे ३२ चित्रं. तुमच्या ड्रॅगनमध्ये मी अंदाजाने ३०० रेघा धरतो. म्हणजे एका शॉटला ९,६०० रेघा, हाताने, आणि त्याही एकमेकींशी जुळणाऱ्या. तोच ड्रॅगन ९० रेघांत बसवला तर २,८८०. जपानी स्टुडिओत ज्याला 'सेत्तेई' म्हणतात, म्हणजे आपल्याकडची मॉडेल शीट, त्यावर म्हणूनच लांबच्या शॉटसाठी काय गाळायचं हेही ठरवून दिलेलं असतं. आपण ड्रॅगन कसा दिसतो ते काढतो. तो पन्नास हातांतून गेल्यावरही तसाच कसा राहील, हे ठरवणं खरं काम आहे. आता रोबो बऱ्याचदा थ्रीडीत करतात, तिथे रेघ फुकट मिळते. पण फुकट मिळते म्हणून लोक इतक्या घालतात की लांबच्या शॉटमध्ये रोबोवर मुंग्या चढल्यासारखं दिसतं.

आता ड्रॅगन. तुमच्या मनात कुठला आहे, पूर्वेकडचा की पश्चिमेकडचा? तुमच्या स्केचमध्ये मिशा पूर्वेच्या, पंख पश्चिमेचे आणि नजर पाळीव कुत्र्याची आहे. भेसळ करायला माझी ना नाही, ॲनिमेत ती सर्रास होते, पण काय कुठून आणलंय ते ठाऊक पाहिजे.

पूर्वेकडचा ड्रॅगन मुळातच भेसळ आहे, तीही लेखी नियमांची. चिनी परंपरेत त्याची नऊ साम्यं सांगितली जातात, त्यातली काही अशी: शिंगं हरणाची, डोकं उंटाचं, मान सापाची, पोट शिंपल्याचं, खवले कार्प माशाचे, पंजे वाघाचे, कान बैलाचे. खवले ८१ मानले जातात, नऊ गुणिले नऊ. बादशहाच्या ड्रॅगनला पाच बोटं, जपानी चित्रांत बहुधा तीन. पंख नाहीत. तो उडतो, कारण उडणं हा त्याचा स्वभाव आहे, स्नायूंशी त्याचा संबंध नाही. त्यामुळे त्याच्या डिझाइनचा सगळा भार एका गोष्टीवर येतो, पाठीच्या कण्याच्या ओळीवर. ती ओळ एका दमात काढता आली पाहिजे. क्योतोच्या देवळांच्या छतांवर जे प्रचंड ड्रॅगन रंगवलेत ते बघा. अंग ढगांत अर्धं बुडालेलं असतं, तरी न दिसणारा भाग कुठून कसा वळून आलाय ते डोळा बिनचूक जोडतो.

आपल्याकडे हा विचार अगदी परका नाही. गडांच्या दरवाज्यांवर शरभ कोरलेला असतो, पंजाखाली हत्ती दाबलेले. तो कुठल्याच जंगलात नाही, पण कोरणाऱ्याला वाघाचा खांदा माहीत होता, म्हणून तो उभा राहिल्यासारखा वाटतो. ट्रेकला गेलात तर सेल्फीआधी एकदा त्याच्या खांद्याकडे बघा.

त्या नऊ साम्यांइतकाच मला आवडतो तो ड्रॅगनचा 'उलटा खवला'. प्राचीन चिनी ग्रंथकार हान फेइझी लिहितो की ड्रॅगन माणसाळवता येतो, त्याच्यावर बसताही येतं, पण त्याच्या गळ्याखाली एक खवला उलट्या दिशेचा असतो, त्याला हात लागला की तो माणसाला मारतो. जपानीत 'गेकिरिन' म्हणजे वरिष्ठांचा कोप, तो शब्द इथूनच आला. डिझायनरसाठी यात सोनं आहे. सगळे खवले एका दिशेने आणि एकच विरुद्ध! एका रेघेत स्वभाव, कथानक आणि धोका तिन्ही. तुम्ही इतके खवले काढलेत, त्यातला एकही काही सांगत नाही.

पंख नसलेल्या ड्रॅगनचा ॲनिमेतला सगळ्यात चांगला धडा म्हणजे दिग्दर्शक हायाओ मियाझाकींच्या २००१ च्या 'स्पिरिटेड अवे' या फिल्ममधला हाकू. पांढरं लांबलचक अंग, पाठीवर हिरवट आयाळ, पाय अंगाच्या मानाने चिमुकले. जखमी हाकूचा जबडा फाकवून फिल्मची नायिका चिहिरो औषध आत ढकलते, तो प्रसंग आठवा. ते करताना मियाझाकींनी ॲनिमेटरना सांगितलं की कुत्र्याला गोळी चारतानाचं डोळ्यांपुढे आणा. पंचाईत अशी की त्यांच्यातल्या फारसं कुणी कुत्रा पाळलेलाच नव्हता. मग मंडळी प्राण्यांच्या डॉक्टरकडे गेली आणि कुत्र्याचा जबडा धरून उघडताना चित्रीकरण करून आणलं. हिरड्या कुठवर दिसतात, वरचा ओठ कुठे दुमडतो, मान कशी झटकली जाते, हे तिथून आलं. म्हणून तो जबडा आपल्याला खरा वाटतो. हाकूच्या अंगावरचे खवले मात्र तुम्ही पुन्हा बघा: जवळच्या शॉटमध्ये थोडेसे, लांबून नुसतं पांढरं अंग. मेहनत हिरड्यांवर खर्च केली, खवल्यांवर नाही.

पश्चिमेकडच्या ड्रॅगनचं दुखणं वेगळं. चार पाय आणि दोन पंख म्हणजे सहा अवयव, आणि पाठकणा असलेल्या एकाही प्राण्याला सहा अवयव नाहीत. म्हणून वायव्हर्न, म्हणजे दोन पाय आणि दोन पंखवाला, काढायला कायम सोपा जातो. त्याच्यासाठी वटवाघूळ समोर ठेवता येतं. सहा अवयवांचाच हवा असेल तर दुसरा खांदा कुठे आहे ते सांगावं लागेल. तुमच्या स्केचमध्ये पंख पाठीच्या मधोमध, बरोबर कण्यावर चिकटवलेत. शाळेच्या गॅदरिंगमधल्या परीचे पंख असेच असतात, इलॅस्टिकने बांधलेले. पंख खाली मारणारा स्नायू छातीवर असतो. कोंबडीच्या छातीचं हाड आठवा, मधे जहाजाच्या तळासारखा उभा कणा असतो, त्याला तो स्नायू धरलेला असतो. मग ड्रॅगनची छाती खोल करा, पुढच्या पायाचा खांदा थोडा पुढे आणि खाली घ्या, पंखाचा खांदा त्याच्या मागे आणि वर. दोन खांद्यांच्या मधे एक वळी दाखवा. ती एक वळी दोनशे खवल्यांना भारी पडते, कारण पंख हलला की ती ताणली जाते आणि आत काहीतरी आहे हे कळतं.

पंखाच्या काड्यांचंही तसंच. वटवाघळाचा पंख चार लांब बोटांवर ताणलेला असतो. टेरोसॉरचा, म्हणजे डायनोसॉरच्या काळातल्या उडणाऱ्या सरपटणाऱ्या प्राण्याचा, एकाच, चौथ्या बोटावर. तुमच्या ड्रॅगनच्या डाव्या पंखाला पाच काड्या आहेत आणि उजव्याला सहा. मी दोनदा मोजल्या.

टेरोसॉरचा विषय निघालाच आहे तर, क्वेट्झालकोॲटलस हा उडणाऱ्या प्राण्यांत सगळ्यात मोठ्यांपैकी एक, पंखांचा विस्तार साधारण दहा ते अकरा मीटर आणि उभा राहिला तर जिराफाच्या उंचीचा. अनेक संशोधकांच्या मते तो चारही अवयवांनी जमिनीला धक्का देऊन उडत असे, दुमडलेले पंख पुढच्या पायांसारखे टेकवून. ड्रॅगनचं उड्डाण काढताना हे मनात ठेवा. नुसते पंख फडफडवून वर जाणारा ड्रॅगन कबुतरासारखा दिसतो. आधी दबतो, ढोपरं बाहेर फेकतो, मग झेपावतो, असा काढला तर अंगात वजन येतं.

रोबोकडे येऊ. महाकाय रोबोच्या डिझाइनमध्ये नवशिके चेहऱ्यापासून सुरुवात करतात. मी खुब्यापासून करतो. माणसाचा खुबा उखळीचा सांधा आहे, मांडी सगळीकडे फिरते कारण वर कातडी आणि स्नायू ताणले जातात. पत्रा ताणला जात नाही. मांडी पुढे उचलली की ती कमरेच्या चिलखतावर आपटणार. १९७९ ची पहिली 'मोबाइल सूट गंडम' मालिका बघा, यंत्रांचं डिझाइन कुनिओ ओकावारांचं. पळताना किंवा गुडघ्यावर बसताना कमरेचं कवच ॲनिमेटर सरळ वाकवतात, रबराचं असल्यासारखं. चित्रात ते खपून जातं. पण जुलै १९८० पासून बांदाई या खेळण्यांच्या कंपनीने त्याची प्लास्टिक मॉडेल किट बाजारात आणली, आणि प्लास्टिक चित्रासारखं ऐकत नाही. सुरुवातीच्या किटमध्ये मांडी धड पुढे उचलत नसे. पुढे कमरेचं पुढचं कवच दोन सुट्या झडपांत विभागलं गेलं, डावी आणि उजवी, वर बिजागरी. आज कुठलाही रोबो काढताना आपण त्या दोन झडपा न विचारता काढतो. शोभा म्हणून त्या आलेल्या नाहीत, मुलांच्या हातात रोबो बसावा म्हणून आल्या आहेत.

दुसरा उपाय कापडाचा. १९८० च्या दशकाअखेरच्या 'पॅटलेबर'मधला पोलिसांचा इंग्रॅम रोबो घ्या, डिझाइन युताका इझुबुचींचं. त्याच्या सांध्यांवर काळं, सुरकुत्या पडणारं आवरण आहे, मोटरसायकलच्या शॉकॲब्जॉर्बरवर रबरी बूट असतो तसं. धूळ आत जाऊ नये हे कथेतलं कारण. ॲनिमेटरच्या दृष्टीने कारण वेगळं: पत्रा सरकवण्यापेक्षा सुरकुती काढणं केव्हाही सोपं. मी हा उपाय इतक्या वेळा ढापलाय की आता लाजही वाटत नाही.

हे दोन्ही विज्ञानकथेतले रोबो झाले. फँटसीतल्या रोबोला अजून एका प्रश्नाचं उत्तर द्यावं लागतं: हा बनवला कुणी, आणि कशाचा? ज्या जगात अजून पाणचक्कीवर दळण होतं तिथे वेल्डिंग कुणी केलं? तुमचे दोन जीव एका जगातले वाटत नाहीत ते नेमकं इथे अडल्यामुळे. तुमचा ड्रॅगन त्या डोंगरात जन्मलाय, तुमचा रोबो औद्योगिक वसाहतीतून आलाय.

याचं मला माहीत असलेलं सगळ्यात सरळ उत्तर १९८३ चं आहे. 'ऑरा बॅटलर डनबाइन', दिग्दर्शक योशियुकी तोमिनो, यंत्रांचं काम काझुताका मियाताके आणि इझुबुची यांचं. बायस्टन वेल नावाच्या जगातले योद्धे ज्या यंत्रांत बसून लढतात ती यंत्रं त्या जगातल्या अजस्र प्राण्यांच्या कवचांपासून आणि स्नायूंपासून बनवलेली आहेत. हे एकदा ठरल्यावर बाकीचं आपोआप येतं. चिलखताला चौकोनी कोपरे असायचं कारण उरत नाही, ते भुंग्याच्या पाठीसारखं फुगीर होतं. पाठीवर पारदर्शक पंख, ज्यांच्या शिरा दिसतात. पायाला बोटांऐवजी नख्या. वैमानिक बसतो त्या जागेवरचं झाकण किड्याच्या डोळ्यासारखं. डनबाइनची उंची सात मीटरच्या आतबाहेर, म्हणजे गंडमच्या १८ मीटरच्या निम्म्याहून कमी, कारण कवचाचा प्राणी त्याहून मोठा पटत नाही. आणि मग जेव्हा त्या जगातले राक्षसी प्राणी आणि ही यंत्रं समोरासमोर येतात, तेव्हा दोघांची त्वचा एकच असते. तुम्हाला हवं आहे ते हेच. व्यवहारात मात्र ही मालिका खेळणीवाल्यांना जड गेली; मुख्य प्रायोजक क्लोव्हर कंपनी मालिका सुरू असतानाच बुडाली. किड्यासारखा नायक-रोबो मुलांना किती आवडेल हा वाद तेव्हापासून चालू आहे. मला विचाराल तर तो काळाच्या पुढे होता, पण मी काही मुलांना खेळणी विकत नाही.

दुसरं उत्तर १९९६ च्या 'एस्काफ्लोने' या मालिकेत आहे, आणि ते मी जरा जवळून दाखवतो. मूळ कल्पनेत शोजी कावामोरी, दिग्दर्शन काझुकी आकाने, यंत्रं किमितोशी यामानेंची. पहिल्याच भागात तरुण वान एका ड्रॅगनला मारतो. राजा होण्यासाठीची ती परीक्षा आहे. मेलेल्या ड्रॅगनच्या अंगातून तो एक रत्न काढतो, त्याचं नाव एनर्जिस्ट, ड्रॅगनचं हृदयच म्हणा. पुढच्या भागात राज्यावर हल्ला होतो आणि वान तेच रत्न एस्काफ्लोने नावाच्या रोबोच्या छातीत बसवतो, रक्ताचा करार होतो, आणि यंत्र उठतं. बघा काय झालं: ड्रॅगन आणि रोबो यांच्यात एका मुठीत मावणारी वस्तू फिरली आणि दोघांचं जग एक झालं. कुणीही कुणाला समजावून सांगितलं नाही. ते रत्न चिलखताआड लपवलेलं नाही, छातीवर दिसतं. पूर्वेकडच्या चित्रांत ड्रॅगनच्या पंजात एक गोल रत्न असतं, मला हा तोच दुवा वाटतो. हे माझं वाचन आहे, यामानेंच्या तोंडी घालू नका.

चिलखत लोखंडी सरदारासारखं आहे, पण त्यावर खरा कापडी झगा आहे, जो वाऱ्यावर उडतो. आत बसायला खुर्ची नाही. छाती उघडते, आत पट्ट्यांचं जाळं आहे, त्यात वान हात-पाय घालतो आणि तो हलेल तसं यंत्र हलतं. मग हेच यंत्र ड्रॅगनच्या रूपात बदलतं, तेव्हा वान आत नसतो. तो पाठीवर उघड्यावर उभा असतो, हातात लगामासारखं काहीतरी, केस वाऱ्यावर. माझ्या मते या मालिकेतला सगळ्यात शहाणा निर्णय हाच आहे. रोबोच्या आत माणूस गेला की चेहरा दिसेनासा होतो आणि दिग्दर्शकाला सारखा आतला शॉट मधे घालावा लागतो. इथे उडताना चेहरा, आकाश आणि यंत्र तिन्ही एका फ्रेममध्ये मिळतात. पुढे करार इतका घट्ट होतो की एस्काफ्लोनेच्या चिलखताला तडा गेला की वानच्या अंगातून रक्त येतं. म्हणजे चिलखतावरचा ओरखडा आता सजावट राहत नाही. तुम्ही तुमच्या रोबोवर बावीस ओरखडे काढलेत 'जुना वाटावा' म्हणून. त्यातला कुठला ओरखडा कुणाला दुखतो?

याचाच विनोदी चुलतभाऊ हवा असेल तर २०१८ ची 'हिसोने अँड मासोतान' बघा. जपानच्या हवाई दलाच्या गिफू तळावर ड्रॅगन लपवून ठेवलेत, आणि मासोतान नावाचा गोलमटोल ड्रॅगन एफ-१५ लढाऊ विमानाचं सोंग घेऊन उडतो. वैमानिक मुलगी त्याच्या पाठीवर बसत नाही, तो तिला गिळतो आणि ती पोटात बसून चालवते. ड्रॅगन अगदी मोजक्या रेघांत काढलाय, विमान काटेकोर. दोन्ही एकाच प्राण्यावर, तरी खटकत नाही, कारण आत कोण आहे हे आपल्याला माहीत असतं.

हेच 'इव्हँगेलियन' या मालिकेने १९९५ मध्ये भीतीसाठी वापरलं. तिथल्या महाकाय रोबोचं चिलखत आतल्या जिवाला वाचवायला नाही, आवरायला आहे. जबड्याचं कुलूप तुटून तोंड उघडतं तेव्हा अंगावर काटा येतो, कारण तोवर आपण त्याला यंत्र समजत होतो.

आकाराबद्दल एक हिशेब, तो मात्र वहीत लिहून ठेवा. १८ मीटरचा रोबो हा १.८ मीटरच्या माणसाच्या दहापट. उंची दहापट झाली की वजन हजारपट होतं आणि हाडाचा छेद फक्त शंभरपट. म्हणजे घोट्याच्या प्रत्येक चौरस सेंटीमीटरवर दहापट भार. योकोहामाला डिसेंबर २०२० ते मार्च २०२४ पर्यंत जो हलणारा, खऱ्या आकाराचा गंडम उभा होता, त्याचं वजन कमी करून साधारण २५ टनांवर आणलं होतं, तरी तो स्वतःच्या पायांवर तोललेला नव्हता. मागच्या सांगाड्याने त्याला कमरेत धरलं होतं. म्हणून पाय आणि घोटे जाड काढा. तुमच्या रोबोचे घोटे भरतनाट्यम करणाऱ्या मुलीचे आहेत.

वेळेचंही तसंच आहे. माणसाच्या उंचीवरून दगड पडायला ०.६ सेकंद लागतात, २४ फ्रेमच्या हिशेबाने जेमतेम पंधरा. १८ मीटरवरून पडायला १.९ सेकंद, म्हणजे ४६ फ्रेम. पाय झुलण्याचा वेळही याच पटीत वाढतो, सुमारे तिप्पट. माणूस अर्ध्या सेकंदात एक पाऊल टाकत असेल तर त्या रोबोला दीड सेकंदापेक्षा जास्त लागला पाहिजे. अर्थात असं चालवलं तर मारामारी संपेपर्यंत प्रेक्षक चहा करून येईल. म्हणून ॲनिमेत फसवणूक ठरलेली आहे: सुरुवात जड, शेवट जड, मधला फटका चार फ्रेममध्ये. पाऊल टेकल्यावर धूळ मात्र हळू उडू द्या, ती फसवू नका. इव्हँगेलियनमध्ये तर उंचीच दर प्रसंगात बदलते, इमारतींच्या मधे एक, डोंगराजवळ दुसरी. दिग्दर्शकाला जेवढा मोठा हवा तेवढा. तुम्हालाही ती मुभा आहे, पण ड्रॅगन आणि रोबो एकत्र असलेल्या शॉटमध्ये नाही. तिथे दोघांच्या शेजारी एकच ओळखीची वस्तू ठेवा, बैलगाडी, दार, शिडी, काहीही, आणि ती दर शॉटमध्ये त्याच मापाची ठेवा.

मी तुमच्या जागी असतो तर या आठवड्यात एवढंच केलं असतं. दोन्ही स्केच बाजूला ठेवून आधी दोघांची नुसती काळी छायाकृती काढली असती, अंगठ्याच्या नखाएवढी. त्या मापात ओळखू येत नाही ते काढून टाकायचं. मग त्यावर सांध्यांचे ठिपके: ड्रॅगनला दोन खांदे, खुबा, गुडघा, घोटा, शेपटीचं मूळ; रोबोला तेच, त्याच क्रमाने. दोघांत एक सांधा मुद्दाम सारखा ठेवायचा. तुमच्या गोष्टीत त्या खोऱ्यातले लोक मेलेल्या ड्रॅगनची हाडं वापरतात असं तुम्ही लिहिलंय, मग रोबोची मांडी ड्रॅगनच्या मांडीच्या हाडाचीच करा की! घडवलेला लोखंडी भाग फक्त सांध्यात, बैलगाडीच्या चाकाला धाव असते तसा. कपाटाचा पत्रा तिथेच संपला. छातीवरचे नटबोल्ट काढून तिथे खिळे नकोत, चामड्याच्या वाद्या घाला. वादी ताणली की दिसते, नट ताणलेला दिसत नाही.

खवले शेवटी. खांद्यावर एक झुबका, मानेवर एक, शेपटीच्या मुळाशी एक, बाकी अंग मोकळं. आणि ते करून झाल्यावर शीट स्वतःकडे न ठेवता वर्गातल्या दुसऱ्या कुणालातरी द्या, जवळ न बसता, आणि त्याला डोकं वळवतानाची पाच चित्रं काढायला सांगा. तो जिथे अडून फोन करेल, तिथे तुमचं डिझाइन अजून अर्धवट आहे. ती पाच चित्रं आणि डाव्या पंखाच्या काड्यांचा आकडा मला पाठवा, उजव्याचाही.